जागा बदलली की नेटवर्कही आपोआप बदलावं: लॅपटॉपवर एकदाच करायची मांडणी

ऑफिसात आयटीवाल्यांनी लॅपटॉपला एक ठरलेला आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) दिलेला असतो, सोबत प्रॉक्सीही (इंटरनेटची वाहतूक स्वतःमधून नेणारा मधला सर्व्हर) टाकून दिलेली असते. तोच लॅपटॉप घरी उघडला की वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण एकही पान उघडत नाही. मग सेटिंग्ज उघडायची, आकडे पुसायचे, प्रॉक्सी बंद करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं परत भरायचं. अनेकजण वर्षानुवर्षं हे करत राहतात, कारण हे असंच असतं असं त्यांना वाटतं. तसं मुळीच नाही. तासाभराच्या कामात ही रोजची कटकट कायमची संपते, आणि बहुतेकांना त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअरही लागत नाही.

एक सूत्र मात्र सुरुवातीलाच पक्कं करा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे: सेटिंग लॅपटॉपला चिकटवायची नाही, नेटवर्कला चिकटवायची. ज्या गोष्टी नेटवर्क स्वतः सांगू शकतं त्या त्यालाच सांगू द्यायच्या. उरलेल्या गोष्टी त्या त्या नेटवर्कच्या नावाखाली साठवायच्या. त्यातूनही काही उरलं, तरच स्क्रिप्टच्या (आज्ञा एकामागून एक चालवणाऱ्या छोट्या फाइलच्या) वाटेला जायचं. नवखी माणसं नेमका उलटा क्रम धरतात. आधी नेटवर्क बदलून देणारं ॲप शोधतात, आणि ते बिघडलं की दोष नक्की कुठे आहे हेच कळेनासं होतं.

(मेन्यूंची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, पडद्यावर ती इंग्रजीत दिसतील. आयपी पत्तेही इंग्रजी अंकांतच टाइप करायचे.)

पायरी १: नक्की काय बदलतं ते लिहून काढा

एका कागदावर जागा लिहा: ऑफिस, घर, बाहेर. प्रत्येक जागेपुढे सहा गोष्टी नोंदवा. आयपी पत्ता आपोआप मिळतो की हाताने भरलेला आहे, डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारा सर्व्हर) कोणता, प्रॉक्सी आहे का, प्रिंटर कोणता, फाइल शेअरिंग चालू हवं का, व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) लागतो का. हे लिहून झाल्यावर बहुतेक वेळा असं दिसतं की खरा फरक एकदोन गोष्टींतच आहे.

सध्याची स्थिती पाहण्यासाठी विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्या, किंवा सेटिंग्जमध्ये चालू नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडा. पत्ता १९२.१६८, १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तो नेहमीचा खासगी पत्ता. १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपला पत्ता देणारं कुणी भेटलेलं नाही आणि त्याने स्वतःच एक पत्ता घेतला आहे. हे आकडे ओळखता आले की अर्धं निदान तिथेच होतं.

आता ऑफिसचा पत्ता घरी का चालत नाही ते बघा. समजा ऑफिसात पत्ता १०.२०.५.४० आहे आणि गेटवे (नेटवर्कमधून बाहेर पडायचं दार, सहसा राउटर) १०.२०.५.१. घरचा राउटर बसला आहे १९२.१६८.१.१ वर. लॅपटॉप घरी आला तरी १०.२०.५.१ लाच शोधत बसतो, तो तिथे नसतो, आणि इंटरनेट बंद. ही त्यातल्या त्यात बरी अवस्था, कारण बिघाड लगेच दिसतो. दोन्ही ठिकाणी १९२.१६८.१ चीच मालिका असेल तर जास्त त्रास होतो. मग ऑफिसचा पत्ता घरीही चालून जातो, आणि एके दिवशी घरच्या राउटरने तोच पत्ता एखाद्या फोनला दिला की दोन्ही उपकरणांचं नेट मध्येच तुटायला लागतं. 'कधी चालतं, कधी नाही' या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं.

पायरी २: ठरलेला पत्ता लॅपटॉपवर नको, राउटरवर हवा

नेटवर्कला जोडल्याबरोबर लॅपटॉपला पत्ता, गेटवे आणि डीएनएस आपोआप देणारी व्यवस्था म्हणजे डीएचसीपी. लॅपटॉपवर पत्ता 'आपोआप' ठेवला, तर तो जिथे जाईल तिथले आकडे घेतो. जागेनुसार बदलाचा सगळ्यात मोठा भाग एवढ्यावर निकालात निघतो.

पण मला ऑफिसात किंवा घरी कायम एकच पत्ता हवाय, त्याचं काय? त्यासाठी राउटरमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' असतं. राउटरच्या पानावर डीएचसीपी विभागात जा, जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून आपला लॅपटॉप निवडा आणि त्याच्या मॅक पत्त्यासमोर (नेटवर्क कार्डाची ओळख सांगणारा क्रमांक; ॲपलच्या मॅकशी याचा संबंध नाही) हवा तो आयपी लिहून ठेवा. लॅपटॉप 'आपोआप'वरच राहतो, तरी त्याला दर वेळी तोच पत्ता मिळतो. ऑफिसात हे काम आयटी विभागाचं. 'मला स्टॅटिक आयपी द्या' असं म्हणण्याऐवजी 'माझ्या मॅक पत्त्यासाठी रिझर्व्हेशन करून द्या' असं म्हणा. त्यांच्यासाठीही ते सोयीचं असतं, कारण सगळ्या पत्त्यांची नोंद एकाच ठिकाणी राहते.

इथे एक अडचण हमखास येते. आजचे लॅपटॉप वाय-फायवर खरा मॅक पत्ता लपवू शकतात. विंडोजमध्ये या सोयीचं नाव 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस', तर ॲपलच्या मॅकवर २०२४ च्या सिक्वोया आवृत्तीपासून 'प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस' आहे. रिझर्व्हेशन केलेल्या नेटवर्कवर ती बंद ठेवा, किंवा किमान रोज बदलणारा अथवा फिरता पर्याय घेऊ नका. नाहीतर राउटरला तुमचा लॅपटॉप अनोळखी वाटतो आणि राखून ठेवलेला पत्ता पडून राहतो. बाहेरच्या सार्वजनिक नेटवर्कवर मात्र ही सोय चालूच असू द्या.

पायरी ३: विंडोजवर वाय-फायची सेटिंग नेटवर्कच्या नावाखाली

रिझर्व्हेशन मिळत नसेल आणि पत्ता हाताने भरणं भागच असेल, तर तो कुठे भरता याला फार महत्त्व आहे. विंडोजमध्ये त्यासाठी दोन जागा आहेत. कंट्रोल पॅनेलमधल्या ॲडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये भरलेला पत्ता संपूर्ण वाय-फाय कार्डाला लागू होतो, म्हणजे घरी, दारी, सगळीकडे. सेटिंग्ज ॲपमध्ये एखाद्या वाय-फायच्या नावाखाली भरलेला पत्ता फक्त त्याच वाय-फायला लागतो. जुन्या लेखांत पहिलीच वाट सांगितलेली असते, आणि रोजची अदलाबदल तिथूनच सुरू होते.

१. आधी जुना पत्ता काढा. कंट्रोल पॅनेल, नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर, चेंज ॲडॉप्टर सेटिंग्ज या वाटेने वाय-फायवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. आयपी व्हर्जन ४ निवडा आणि पत्ता व डीएनएस दोन्ही 'ऑब्टेन ऑटोमॅटिकली'वर ठेवा.

२. आता सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, मॅनेज नोन नेटवर्क्स इथे जाऊन ऑफिसच्या वाय-फायचं नाव निवडा.

३. 'आयपी असाइनमेंट'समोरचं एडिट दाबा, मॅन्युअल निवडा, आयपीव्ही४ चालू करा आणि पत्ता, गेटवे, डीएनएस भरा. काही आवृत्त्यांत सबनेट मास्कच्या (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा, हे सांगणाऱ्या आकड्याच्या) जागी 'प्रीफिक्स लेंग्थ' विचारतात. मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर तिथे २४ लिहायचं.

४. घरच्या वाय-फायच्या नावाखाली 'ऑटोमॅटिक डीएचसीपी'च आहे ना, तेवढं बघून घ्या.

त्याच पानावर 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' आणि 'मीटर्ड कनेक्शन' हेही पर्याय दिसतील. फोनच्या हॉटस्पॉटला मीटर्ड करून ठेवा, म्हणजे बाहेर असताना विंडोज मोठमोठे अपडेट उतरवायला घेणार नाही.

पायरी ४: केबलची जोडणी थोडी वेगळी

वाय-फायला नाव असतं, भिंतीतल्या सॉकेटला नसतं. केबल लावली की लॅपटॉपला फक्त 'केबल लागली' एवढंच कळतं. त्यामुळे केबलसाठी वेगळी युक्ती लागते. विंडोजमध्ये ती बऱ्याच वर्षांपासून आहे, पण फार थोडे लोक वापरतात.

इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी व्हर्जन ४ उघडा. पत्ता 'आपोआप' असेल तरच वर 'अल्टरनेट कॉन्फिगरेशन' हा दुसरा टॅब दिसतो. तिथे 'यूजर कॉन्फिगर्ड' निवडून ऑफिसचा ठरलेला पत्ता भरा. आता केबल लावली की विंडोज आधी डीएचसीपीला विचारतं. घरी राउटर उत्तर देतो, विषय संपला. ऑफिसात डीएचसीपी नसेल, तर थोडा वेळ वाट पाहून विंडोज तुम्ही भरलेला पर्यायी पत्ता घेतं. मर्यादा एकच: ऑफिसातही डीएचसीपी चालू असेल, तर पर्यायी पत्त्याची पाळी कधीच येणार नाही. तिथे रिझर्व्हेशनच मागून घ्या.

लॅपटॉप डॉकवर (केबल, स्क्रीन वगैरे एकदम जोडणाऱ्या स्टँडवर) ठेवला की अनेकदा केबल आणि वाय-फाय दोन्ही चालू असतात. तेव्हा वाहतूक कुठून जायची ते 'मेट्रिक' नावाच्या आकड्यावर ठरतं. आकडा जितका लहान, तितका मान मोठा. विंडोज हा आकडा वेगावरून स्वतः ठरवतं आणि सहसा केबलला पुढे ठेवतं. तसं होत नसेल, तर ॲडव्हान्स्डमध्ये 'ऑटोमॅटिक मेट्रिक'ची खूण काढून इथरनेटला लहान आणि वाय-फायला मोठा आकडा द्या. मॅकवर हेच काम 'सेट सर्व्हिस ऑर्डर'मध्ये नावं वरखाली ओढून होतं.

पायरी ५: प्रायव्हेट की पब्लिक

विंडोज प्रत्येक नेटवर्कसाठी ते प्रायव्हेट आहे की पब्लिक हे लक्षात ठेवतं, आणि फायरवॉलचे (बाहेरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणाऱ्या व्यवस्थेचे) नियम त्यावर बदलतात. घर प्रायव्हेट ठेवा, बाहेरची सगळी नेटवर्क पब्लिक. ही अदलाबदल खरोखर आपोआप होते, तुम्ही फक्त पहिल्यांदा बरोबर उत्तर द्यायचं.

एक गोष्ट मात्र माहीत असू द्या. नेटवर्क ओळखताना विंडोज गेटवेच्या मॅक पत्त्याचा आधार घेतं. म्हणून राउटर बदलला की तुमच्या लेखी घर तेच असलं, तरी विंडोजच्या लेखी ते 'नेटवर्क २' असतं आणि बरेचदा पब्लिक ठरतं. नव्या राउटरनंतर शेअर केलेलं फोल्डर दिसेनासं झालं, तर ड्रायव्हर शोधण्याआधी नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये पब्लिकचं प्रायव्हेट करून पाहा.

प्रिंटरसाठी 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' हा पर्याय आहे. तो चालू केला की त्या ठिकाणी शेवटचा वापरलेला प्रिंटर मुख्य ठरतो. दोनच प्रिंटर असतील तर एवढं पुरतं.

पायरी ६: प्रॉक्सी

पत्त्याचं सगळं नीट केलं तरी घरी नेट चालत नसेल, तर पहिला संशय प्रॉक्सीवर घ्या. विंडोजमध्ये आयपीसारखी प्रॉक्सी वाय-फायच्या नावाखाली ठेवता येत नाही. ती सगळीकडे एकच असते. हाताने भरलेली ऑफिसची प्रॉक्सी घरी आली की ब्राउझर नसलेल्या सर्व्हरचं दार ठोठावत राहतो.

यावरचा चांगला उपाय म्हणजे पॅक फाइल. ही कल्पना १९९६ च्या नेटस्केप ब्राउझरपासूनची आहे आणि आजही सगळे मोठे ब्राउझर ती वाचतात. त्या छोट्या फाइलमध्ये कोणता पत्ता प्रॉक्सीतून न्यायचा आणि कोणता थेट, हे लिहिलेलं असतं. आयटी विभागाकडे तिचा पत्ता मागा. प्रॉक्सीच्या पानावर मॅन्युअल प्रॉक्सी बंद करून 'यूज सेटअप स्क्रिप्ट'मध्ये तो टाका. फाइल ऑफिसच्या आतल्या सर्व्हरवर असेल, तर घरून ती सापडतच नाही आणि ब्राउझर साधारणपणे थेट जोडणीवर जातो. म्हणजे जागेचा बदल इथेही आपोआप झाला. 'ऑटोमॅटिकली डिटेक्ट' हा पर्याय मात्र ऑफिसला तो लागत नसेल तर बंदच ठेवा. परक्या नेटवर्कवरचं कुणीही त्या वाटेने तुमच्या लॅपटॉपला स्वतःची प्रॉक्सी सुचवू शकतं.

पायरी ७: तरीही उरलंच तर टास्क शेड्युलर

ऑफिसात पोहोचल्यावर शेअर ड्राइव्ह जोडली जावी, घरी आल्यावर एखादा प्रोग्राम बंद व्हावा, अशा कामांसाठी विंडोजमधला टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी किंवा घटनेवर काम सुरू करणारं साधन) पुरेसा आहे. आधी एक साधी बॅच फाइल (विंडोजला द्यायच्या आज्ञांची फाइल) बनवा. उदाहरणार्थ, तिच्यात 'नेट यूज'ची एक ओळ घालून ड्राइव्ह जोडता येते. ती फाइल दोनदा क्लिक करून हाताने चालवून बघा. हाताने चालत नसेल तर आपोआपही चालणार नाही.

मग टास्क शेड्युलरमध्ये 'क्रिएट टास्क' घ्या, 'बेसिक टास्क' नको. ट्रिगर्समध्ये 'ऑन ॲन इव्हेंट' निवडा. लॉगच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट-विंडोज-नेटवर्कप्रोफाइल/ऑपरेशनल' शोधा आणि इव्हेंट आयडी १०००० भरा. नेटवर्क जोडलं गेलं की ही घटना नोंदली जाते, आणि तुटलं की १०००१. ॲक्शन्समध्ये तुमची बॅच फाइल द्या.

आता 'कंडिशन्स' टॅबवर जरा थांबा, खरी गंमत इथे आहे. सगळ्यात खाली 'फक्त या नेटवर्कवर असतानाच सुरू कर' अशा अर्थाची एक चौकट आहे. तिला खूण करून यादीतून ऑफिसचं नेटवर्क निवडा. घरासाठी दुसरं टास्क बनवून तिथे घरचं नेटवर्क निवडा. ही ओळख विंडोज स्वतः करतं, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये नाव तपासायची गरज राहत नाही. त्याच टॅबवर वर 'लॅपटॉप चार्जिंगवर असतानाच सुरू कर' ही खूण आधीपासून केलेली असते. ती काढा. डेस्कवर तपासताना चार्जर लावलेला असतो म्हणून सगळं चालतं आणि मीटिंगच्या खोलीत बॅटरीवर काहीच होत नाही, त्यामागे हीच खूण असते.

एका जोडणीत ही घटना कधी कधी दोनदा नोंदली जाते. म्हणून स्क्रिप्ट अशी लिहा, की ती लागोपाठ दोनदा चालली तरी काही बिघडू नये.

मॅक असेल तर

मॅकवर वाय-फायचा हाताने भरलेला पत्ता नेटवर्कच्या नावाखाली राहत नाही, सगळ्या वाय-फायला लागतो. त्यासाठी तिथे 'लोकेशन्स' आहेत. सिस्टिम सेटिंग्जमध्ये नेटवर्क उघडा, खालच्या तीन टिंबांवर क्लिक करा आणि लोकेशन्स, एडिट लोकेशन्समधून अधिकचं चिन्ह दाबून 'ऑफिस' नावाचं लोकेशन बनवा. ते निवडलेलं असताना पत्ता, डीएनएस आणि प्रॉक्सी भरा. हो, मॅकवर प्रॉक्सीही लोकेशनमध्येच साठते, आणि याबाबतीत ही व्यवस्था विंडोजपेक्षा सरस आहे. एकापेक्षा जास्त लोकेशन्स झाली की ॲपल मेन्यूत 'लोकेशन' ही ओळ दिसू लागते. तिथून एका क्लिकवर सगळा संच बदलतो.

हा क्लिक मात्र तुम्हालाच करावा लागतो. मॅक स्वतःहून लोकेशन बदलत नाही. टर्मिनलमधल्या 'नेटवर्कसेटअप' या साधनाने स्क्रिप्टमधून ते बदलता येतं, पण नवख्यांनी आधी मेन्यूतला क्लिकच वापरावा असं मी सांगेन. पायरी २ आणि ६ नीट केल्या, तर मूळचं 'ऑटोमॅटिक' हे एकच लोकेशन बहुतेकांना सगळीकडे पुरतं.

लिनक्स असेल तर

बहुतेक लिनक्स डेस्कटॉपवर हे काम नेटवर्कमॅनेजर पाहतो, आणि त्याची रचनाच या कामासाठी आहे. प्रत्येक वाय-फायचं स्वतंत्र प्रोफाइल असतं. एकाच केबलसाठीही हवी तितकी प्रोफाइल्स बनवता येतात. केबलची दोन बनवा: एक आपोआप पत्ता घेणारं, दुसरं ऑफिसचा ठरलेला पत्ता असलेलं. दोन्हींवर 'कनेक्ट ऑटोमॅटिकली'ची खूण ठेवा आणि 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क कॉन्फिगरेशन'मध्ये प्राधान्याचे आकडे द्या. इथे मोठा आकडा आधी, म्हणजे विंडोजच्या मेट्रिकच्या बरोबर उलट.

आपोआपवाल्या प्रोफाइललाच मोठा आकडा द्या, आणि त्याचं कारण समजून घ्या. ठरलेला पत्ता कधीच 'नापास' होत नाही. गेटवे जागेवर असो वा नसो, लॅपटॉप तो पत्ता लावून मोकळा होतो आणि दुसऱ्या प्रोफाइलची पाळीच येत नाही. डीएचसीपीचं उत्तर आलं नाही, तर मात्र ते प्रोफाइल अपयशी ठरतं आणि पुढचं घेतलं जातं. डीएचसीपीची वाट पाहण्याचा मूळ अवधी ४५ सेकंदांचा आहे आणि प्रयत्नही एकाहून जास्त होतात. उशीर खटकत असेल, तर त्या प्रोफाइलमध्ये अवधी आणि प्रयत्न दोन्ही कमी करा.

बाहेरच्या नेटवर्कवर

पासवर्ड नसलेल्या वाय-फायवर 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' ठेवू नका. लॅपटॉप अशा नेटवर्कला केवळ नावावरून ओळखतो, आणि तेच नाव देऊन कुणीही दुसरं वाय-फाय उभं करू शकतं. काम झालं की नाव यादीतून 'फर्गेट' करा.

लॉगिनचं पान उघडत नसेल, तर तुम्ही हाताने डीएनएस भरला आहे का ते पाहा. ते पान दाखवण्यासाठी बऱ्याच ठिकाणी तिथलाच डीएनएस लागतो. हवा तो डीएनएस घरच्या नेटवर्कच्या नावाखाली भरला असेल, तर ही अडचण मुळात येतच नाही.

व्हीपीएन वापरणाऱ्यांनी आणखी एक काम करावं. घरच्या राउटरची मालिका १९२.१६८.१ वरून बदलून १९२.१६८.७३ सारखी काहीतरी वेगळी करा. ऑफिसातही १९२.१६८.१ च असेल, तर व्हीपीएन जोडल्यावर लॅपटॉपला ऑफिसचा सर्व्हर आणि घरचा प्रिंटर यांत फरक करता येत नाही.

तपासणी कशी कराल

रीस्टार्ट करून तपासू नका. रोज तुम्ही लॅपटॉप झाकून नेता, तर तपासतानाही तसंच करा. ऑफिसात झाका, घरी उघडा आणि थोडं थांबून बघा. चाललं नाही, तर याच क्रमाने जा: आधी पत्ता त्या जागेच्या मालिकेतला आहे का, मग गेटवे उत्तर देतो का, मग डीएनएस, आणि शेवटी प्रॉक्सी. पत्ता चुकीचा असेल तर पायरी २ ते ४ पुन्हा पाहा. पत्ता बरोबर, गेटवेही उत्तर देतो, पण पानं उघडत नाहीत, तर पायरी ६. कंपनीच्या लॅपटॉपवर सेटिंग्जची ही पानं कुलूपबंद असतील, तर आयटी विभागाकडे दोनच गोष्टी मागा: तुमच्या मॅक पत्त्याचं रिझर्व्हेशन आणि पॅक फाइलचा पत्ता.